नागोजीअण्णांची पारख

निपाणीत मारुतीराव सावकारांच्या वखारीत तंबाखूचा सौदा व्हायचा तो नागोजीअण्णांच्या नाकावर. पोत्यातून मूठभर माल यायचा, अण्णा तो तळहातावर अंगठ्यानं चोळायचे, डोळे मिटून नाकाशी धरायचे आणि म्हणायचे, "पहिला." किंवा "दुसरा." किंवा, ज्याचं नशीब फुटकं त्याला, "तिसरा." मग पुढं वाद नाही. चिक्कोडीकडचे व्यापारी आपसांत कानडीतून कितीही हमरीतुमरीवर येवोत, अण्णांचा नंबर पडला की "हौदु, हौदु" म्हणत माना डोलवायचे. अण्णांच्या वडलांचं, आबांचं नाकही असंच होतं म्हणतात.

तर हे नाक मेलं होतं. चांगली तीन वर्षं झाली होती.

तापानं अण्णा पंधरा दिवस अंथरुणाला खिळले. ताप गेला, पण जाताना वासही घेऊन गेला. बेळगावला टिळकवाडीतल्या एका डॉक्टरकडं त्यांनी गुपचूप दोन खेपा घातल्या. "येईल हळूहळू," डॉक्टर म्हणाला. हळूहळू म्हणजे किती, ते काही त्यानं सांगितलं नाही. एकदा अण्णा स्वयंपाकघरात बसलेले असताना शेगडीवरचं दूध करपून कोळसा झालं आणि ह्यांना पत्ता नाही, तेव्हा बायकोला कळलं. बाई व्यवहारी. "झाकली मूठ सव्वा लाखाची," ती म्हणाली, "गप जावा वखारीला."

अण्णा गेले. पहिल्या दिवशी मूठ चोळली, नाकाशी धरली, काही नाही. मग रंग बघितला, चुरा बोटांना कसा लागतो ते बघितलं, शेतकऱ्याचं तोंड बघितलं आणि देवाचं नाव घेऊन बोलून टाकलं, "दुसरा." सगळ्यांनी माना डोलावल्या. आज पकडतील, उद्या पकडतील, म्हणून अण्णा आठवडाभर धास्तावले. कुणी पकडलं नाही. महिना गेला, हंगाम गेला, आणि भीती जाऊन तिच्या जागी भलतंच काहीतरी येऊन बसलं. ह्यांना कळत कसं नाही?

हा प्रश्न डोक्यात शिरला आणि माणसाची स्वस्थता गेली. जेवता जेवता उठायचे, परसात दोन फेऱ्या मारायचे, परत ताटावर बसायचे. शेवटी दुसऱ्या हंगामात त्यांनी एक आगाऊपणा केला. एकाच पोत्यातून दोन मुठी काढल्या, दोन कागदांवर मांडल्या, एकीला पहिला म्हणाले आणि दुसरीला तिसरा. चार व्यापाऱ्यांनी दोन्ही चोळल्या, दोन्ही हुंगल्या.

"व्हय की," त्यातला सगळ्यात जुना म्हणाला, "ह्यात त्यो दरवळच न्हाय."

अरे गाढवांनो, एकाच पोत्यातलं आहे ते! अण्णांच्या जिभेवर आलं होतं, पण गिळलं. त्या दिवसापासून मात्र आणखी एक भुंगा मागं लागला. ताप यायच्या आधी तरी मला काय येत होतं? वास येत होता, की आबांनी आहे म्हणून सांगितलं म्हणून येत होता? आबा तर आता विचारायला नव्हते. नाकापेक्षा मोती जड म्हणतात. इथं नाकाचाच पत्ता नाही आणि मोती तेवढा गावभर मिरवत होता.

यंदा शिमग्याच्या आसपास शालूबाई आली. जवळच्याच खेड्यातली, दोन वर्षांपूर्वी नवरा गेलेली. लावण, खुडणी, वाळवण, सगळं तिनं एकटीनं केलं होतं. पण दीर महादेव हटून बसला होता, बाईमाणसाला तंबाखू जमत नाही, रान मी कसणार. भावकीनं तोडगा काढला. माल नागोजीअण्णांकडं न्यायचा. पहिला नंबर पडला तर रान शालूबाईकडं, नाहीतर महादेवाकडं. दोघांनी देवळाच्या पायरीला हात लावून कबूल केलं आणि भावकीतले चौघे घेऊन ती वरात वखारीत दाखल झाली.

सगळं ऐकत अण्णांनी शालूबाईच्या पोत्यातून मूठ काढली. आजवर निदान नंबरावर भागत होतं, आज एका बाईचं रान त्यांच्या मेलेल्या नाकाखाली येऊन पडलं होतं. आता बास, असं त्यांना आतून वाटलं. त्यांनी मूठ कागदावर परत ठेवली.

"मला ह्यातलं सांगता येत न्हाय," ते म्हणाले. "नाक मेलंय माझं. तंबाखूचा न्हाय, दुधाचा न्हाय, कशाचाच वास येत न्हाय. तीन वर्सं झाली. अंदाजानं नंबर फेकतोय मी. तुमी समदी फसलायसा."

कोपऱ्यात तंबाखू चाळणाऱ्या बायकांचे हात थांबले. अण्णांना एकदम हलकं वाटलं. तीन वर्षांत पहिल्यांदा छातीभर श्वास आला.

तेवढ्यात मारुतीराव हसले. तीन वर्षांचे सगळे सौदे ह्या नाकावर उभे होते, सावकार थोडाच ते कोसळू देणार! "बघा आमच्या अण्णांचा सोभाव," ते व्यापाऱ्यांकडं वळून म्हणाले. "इधवा बाईचा माल, वंगाळ कसा म्हणायचा? म्हणून सोताच्या नाकाला बोल लावत्यात."

"देवमाणूस हाय," जुन्या व्यापाऱ्यानं डोळे पुसले.

"ऐकलं न्हवं?" महादेव भावकीला म्हणाला. "अण्णास्नी खोटं बोलायची पाळी आणलीया ह्या मालानं. चला आता."

"अरं, खरं सांगतोय मी! देवाच्यान खरं!"

"व्हय अण्णा, व्हय, बसा जरा," सगळे त्यांना चुचकारू लागले. कुणी पाणी आणलं. अण्णा जितके ओरडत तितका माल हलका ठरत होता. भावकीतले उठून चपला शोधायला लागले.

शालूबाई तेवढी उठली नव्हती. ती अण्णांच्या जवळ आली आणि हळूच म्हणाली, "खरंच येत न्हाय?"

"आईच्यान न्हाय, बाई."

तिनं पोत्यात हात घातला, मूठ भरली आणि अण्णांच्या तळहातावर ठेवली. "मग खरं बोलून माझं रान घालवू नका, अण्णा."

अण्णांनी तिच्याकडं बघितलं. मग अंगठा फिरवला, डोळे मिटले आणि मूठ नाकाशी नेली. इतका लांब श्वास त्यांनी उभ्या जन्मात घेतला नव्हता.

"सावकार चुकत्यात," ते म्हणाले. "माल वंगाळ न्हाय. पहिला हाय. पहिल्यातला पहिला."

व्यापाऱ्यांची झुंबड उडाली. "हौदु, हौदु!" "दरवळ तर बघा!" जुना म्हणाला, "मला मघाशीच वाटलं हुतं." महादेवानंही चिमूट उचलून हुंगली आणि मान खाली घातली. त्यालाही वास आला होता.

पोती उतरली. शालूबाई फाटकाशी रिकाम्या पटकुरांची घडी घालत होती. अण्णांना आत बसवेना. खरं काय ते माहीत असलेलं, आणि ही तंबाखू स्वतःच्या हातानं पिकवलेलं, असं एकच माणूस आता ह्या जगात होतं. ते जवळजवळ धावतच तिच्यापाशी गेले.

"शालूबाई, एवढं एक सांग. माल खरंच पहिला हाय का गं?"

तिनं घडी थांबवली. तिच्या तोंडावर लबाडी नव्हती, उलट ती जराशी गोंधळली होती.

"मला काय ठावं, अण्णा? पान कवा तोडायचं, किती वाळवायचं, त्ये येतंय मला. वासाचं आमी कवा बघितलंच न्हाय. तुमी हुतासा की."

आतून मारुतीरावांची हाक आली. पुढचं पोतं उघडलं होतं.