पाच चाळीसची पत्रिका

रविवारी सकाळी माधव नगरच्या घरात अपर्णा दीड वर्षाच्या निहारिकेला पोहे भरवत होती. एक घास पोरगी खाई, दुसरा शेजारी बसलेल्या बाबाच्या, रोहनच्या तोंडात कोंबी. शिशुगृहातून तिला दत्तकपूर्व संगोपनासाठी आणून दोन महिने झाले होते. दत्तकाचा अंतिम आदेश तेवढा यायचा होता.

"हिची वेळ सांग ना," सासूबाई उषाताई म्हणाल्या. "पंडितजींकडून पत्रिका बनवून घेते. उसमें क्या आहे?"

अपर्णाने फाइल उघडून तारीख आणि वेळ घाईत वाचून दाखवली. पहाटे पाच चाळीस.

मूळ नक्षत्र, पहिलं चरण, बापाला घातक, असं पंडितजींनी सांगितलं. घर शिकलेलं. अपर्णा तर शाळेत विज्ञान शिकवायची. पण त्याच आठवड्यात फ्रीगंजच्या बाजारात रोहनची स्कूटर घसरली, हात मोडला, आणि सगळं विज्ञान पाण्यात गेलं.

"मला तिचं वाईट नाही करायचं गं," उषाताई रडत म्हणाल्या, "पण माझा एकुलता एक आहे तो."

रोहनने निहारिकेच्या परतीचा कागद अपर्णापुढे ठेवला. तिने त्यावर सही केली. शिशुगृहात निहारिका अपर्णाच्या कडेवरून उतरेना. आयाने तिची बोटं एकेक करून पदरातून सोडवली.

नऊ दिवसांनी अपर्णा उरलेले कागद द्यायला गेली. अधीक्षिका मीराताईंनी कारण विचारलं, तेव्हा तिने खाली बघत नक्षत्राचं सांगितलं.

"वेळ कुठून मिळाली तुम्हाला?" मीराताईंनी फाइलवर बोट ठेवलं. "ही मूल सापडल्याची तारीख आणि वेळ आहे. लोक नको असलेली मुलं ठेवून जातात, त्या बाहेरच्या पाळण्याची घंटी पाच चाळीसला वाजली. तेव्हा पोरगी चार-पाच दिवसांची होती. जन्मवेळ कुणालाच माहीत नाही."

तिला टाकलं त्या घटकेची कुंडली मांडून या घराने तिला पुन्हा टाकलं होतं. अपर्णाने फाइलमधली ती ओळ पुन्हा वाचली.

"म्हणजे दोष नव्हताच तिच्यात. मीराताई, परत द्या तिला."

"बदलून न्यायला ती साडी आहे का? तुम्ही तिला परत केल्याची बाल कल्याण समितीने नोंद केली आहे. कायदा तिच्या भल्यासाठी आहे, आता आम्ही तिला दुसरं घर बघतोय." मग त्या हळूच म्हणाल्या, "आणि मॅडम, वेळ खरी असती तर?"

आत मुलं जेवत होती. त्यातला निहारिकेचा आवाज अपर्णाला बरोबर ओळखू आला. ती दारापर्यंत गेली आणि तिथूनच परत फिरली.

घरी येऊन तिने मीराताईंचा तोच प्रश्न सासूबाईंना आणि रोहनला विचारला: वेळ खरी असती तर? उषाताईंनी पत्रिका उचलून कपाटात ठेवली. तुम्हीही हा प्रश्न तुमच्या घरी विचारून बघा.