राल्फचं नाव कोण वाचणार

हेस्टर विंचने एप्रिलमध्ये ऑर्चर्ड कॉटेज हे आपलं घर विकलं आणि चर्चजवळच्या तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत राहायला आली. पंच्याऐंशीव्या वर्षी गुडघ्यांनी जिन्यापुढे हात टेकले होते, म्हणून घर सुटल्याचा तिने फार बाऊ केला नाही. पण नोव्हेंबर उजाडला तसा एकच घोर लागला. आता राल्फचं नाव कोण वाचणार?

चर्चच्या आवारातल्या दगडी क्रूसावर दोन्ही महायुद्धांत पडलेल्या गावकऱ्यांची अकरा नावं आहेत. दर नोव्हेंबरात एका रविवारी ती मोठ्याने वाचतात. रीत अशी की, जो ज्या घरातून लढाईवर गेला, त्या घरात आज राहणाऱ्याने त्याचं नाव वाचायचं. नातं बघायचं नाही, घर बघायचं. कोणी उभं राहिलं नाही, तर पाद्री पाचेक सेकंद थांबतात आणि पुढच्या नावाकडे वळतात. बेकरीची इमारत पाडल्यापासून टॉम हॉबडेच्या वाट्याला तेवढी शांतताच येते.

राल्फ हेस्टरचा थोरला भाऊ, १९४४ साली नॉर्मंडीत पडलेला. आईच्या माघारी एकसष्ट वर्षं तिनेच त्याचं नाव वाचलं होतं.

"अगं, त्या नव्या माणसाला सांगून टाक ना," शेजारची मॉरीन म्हणाली.

"मुळीच नाही. मागून घेतलेलं नाव राल्फला नको."

"मग बस झुरत! चहा तरी घे."

शनिवारी घराचा नवा मालक दारात उभा राहिला. गॅरेथ, धंद्याने प्लंबर.

"मिस विंच, पबमध्ये कळलं, उद्या राल्फचं नाव मी वाचायचंय. म्हटलं, माणूस कसा होता ते तरी विचारावं. शाळेतली हजेरी घेतल्यासारखं नको."

हेस्टरने त्याला आत बोलावून खुर्ची दिली.

"आळशी होता," ती म्हणाली. "गाईचं दूध काढायला सांगितलं की मागच्या खिडकीतून पसार!"

"ती खिडकी अजून नीट लागत नाही."

"त्यानेच मोडलीय."

"मग राहू दे तशीच," गॅरेथ म्हणाला, आणि दोघंही हसली.

रविवारी तो ओल्या गवतात ताठ उभा राहिला. "राल्फ एडविन विंच. वय वीस. ऑर्चर्ड कॉटेज." आवाज जरा कापला, पण कुंपणापर्यंत पोचला. एकसष्ट वर्षं हे नाव हेस्टरच्या तोंडून बाहेर जायचं. आज ते तिच्याकडे आलं.

प्रार्थना संपल्यावर तिने त्याची बाही धरली.

"पुढच्या वर्षीही एवढ्याच मोठ्याने वाच हं, बाळा. मला ऐकायचंय."