पुढचं बाकडं

इंद्रभानाने कंपनीला लाथ मारली, ही बातमी मलकापूरहून मोताळ्याला त्याच्या आधी येऊन पोचली. साधीसुधी नोकरी नव्हती हो. कापसाची मोठी कंपनी, मालक मुंबईत, पगार ठरल्या तारखेला, दिवाळीला बोनस, आणि हा गडी सरकी काढायच्या जिनिंगवर सुपरवायझर. महाराष्ट्र होऊन चार-दोन वर्षं झाली होती, शिकलेली पोरं नोकरीसाठी वणवण हिंडत होती, आणि हा बाबा चालती नोकरी सोडून येतो काय, मोताळ्याच्या बाजारात चहा-भज्यांचं हॉटेल टाकतो काय. गडी कामातून गेला, असं लोकांनी ठरवूनच टाकलं.

लोकांचं काय जातं बोलायला? कंपनीचा कायदा असा, की हंगामात क्वार्टरमध्ये बायकापोरं आणायची नाहीत. हंगाम सरला की साहेब दुसऱ्या गावच्या केंद्रावर धाडणार. म्हणजे बायको सत्यभामा आणि लेक मोताळ्यापलीकडच्या खेड्यात थोरल्या भावाच्या घरी, आणि हा आपला मेसमधलं पाणचट वरण ओरपतोय. त्याला काय संसार म्हणायचा?

एकदा लेकीला ताप आला म्हणून सत्यभामा तिला घेऊन मलकापूरला गेली, तर साहेबाने फाटकातूनच परत लावली. इंद्रभान दोघींना मोताळ्यापर्यंत पोचवायला आला. पुढच्या एसटीला वेळ होता आणि सत्यभामाला घोटभर चहा हवा होता. बाजारात हॉटेलं काय कमी होती? पण आत सगळी गडीमाणसं, बिड्यांचा धूर आणि शिव्यांचा सुकाळ. बाईमाणसाने पाय ठेवावा अशी एकही जागा नाही. शेवटी त्याने कप बाहेर आणला. सत्यभामाने तो एका बैलगाडीच्या आडोशाला, रस्त्याकडे पाठ करून, उभ्या उभ्या संपवला. चोरी केल्यासारखा. ते पाहून इंद्रभानाचं डोकं फिरलं ते फिरलंच. बायकोला सुखाने बसता येईल असं हॉटेल आपणच काढायचं आणि तिघांनी एका छपराखाली राहायचं, असं त्याने तिथेच पक्कं केलं.

थोरले भाऊ हिंमतराव हे ऐकून असे भडकले की विचारू नका. बाप लवकर गेला, तेव्हा त्यांनीच इंद्रभानाला खांद्यावर खेळवून वाढवलेला. त्यांच्यापुढे ब्र काढायची त्याची टाप नव्हती. घरची सून बाजारात भजी तळणार म्हणजे नाकच कापलं की. अखेर त्यांच्या बायकोने, रुक्मिणीबाईने, मध्ये पडून तोडगा काढला. दिवाळीपर्यंत करून पाहा. बाया आल्या तर ठीक, नाही आल्या तर हॉटेल मोडायचं आणि मुकाट कंपनीत जायचं. साहेब हिंमतरावांच्या ओळखीतला, तो जागा धरून ठेवणार होता.

इंद्रभानाने पाटी लावली, ‘बायकापोरांची बसायची सोय आहे’. मागच्या अंगाला त्यांच्यासाठी पडदा सोडला. आणि इथेच गडी चुकला. पडदा पाहून बाजाराने भलताच अर्थ काढला. टवाळ पोरं वाकून बघायला लागली आणि नवरे आपापल्या बायकांना पलीकडच्या अंगाने न्यायला लागले. मग त्याने पडदा फाडून टाकला, बिडी बंद केली, शिवी देणाऱ्याला हाताला धरून बाहेर काढलं. आता बाया दारापर्यंत येऊ लागल्या. आत डोकवायच्या, पदर पुढे ओढायच्या आणि निघून जायच्या. बाजारामागून बाजार असेच गेले.

का जातात, हे एकदा गल्ल्यावर बसल्या बसल्या त्याच्या ध्यानात आलं. बाजाराला सगळा तालुका लोटायचा. पुढच्या बाकड्यावर कोणाचा सासरा, कोणाचा भासरा, म्हणजे नवऱ्याचा थोरला भाऊ, असायचाच असायचा. वडील माणसासमोर सून बाकड्यावर बसत नाही आणि त्यांच्या देखत तोंडही हलवत नाही. ही रीत त्याला काय माहीत नव्हती? पण जन्मभर तो बाकड्यावर बसणाऱ्यांतला, त्याला ती कधी टोचलीच नव्हती. बरं, म्हाताऱ्यांना येऊ नका म्हणावं, तर हॉटेल पेटवून दिलं असतं त्यांनी. सत्यभामा म्हणाली, कोणीतरी पहिल्यांदा बसलं पाहिजे. कोणी, ते दोघांनीही उच्चारलं नाही.

दिवाळीच्या तोंडावरचा बाजार आला. हिंमतराव आले ते कंपनीच्या वामनराव कारकुनालाच संगं घेऊन, आणि पुढच्या बाकड्यावर ऐसपैस बसले. रुक्मिणीबाई नेहमीसारखी बाहेर, उन्हात, बैलांच्या दमणीत बसून राहिली. तिथे बैलांना पाणी होतं, तिला नव्हतं. दारात रोहिणखेडची भाजीवाली झुंबरबाई आणि आणखी चार-सहा बाया घुटमळत होत्या. आत एकही बाई नाही, हे हिंमतरावांनी वामनरावांना हात करून दाखवलं आणि इंद्रभानाला बोचकं बांधायला सांगितलं.

इंद्रभान गल्ल्यामागून पुढे आला. तो काही बोलणार, तोच सत्यभामा चुलीपासून उठली. तिने बशीत भजी घेतली, डोक्यावरचा पदर नीट केला आणि हिंमतरावांच्या अगदी समोरच्या बाकड्यावर जाऊन बसली. आणि खाऊ लागली.

भासरा भावजयीशी थेट बोलत नाही, म्हणून हिंमतराव भावाकडे वळले. "इंद्रभान, तिले उठाले सांग."

लग्न होऊन आल्यापासून सत्यभामाने त्यांना आपला आवाज ऐकू दिला नव्हता. तो आज त्यांनी ऐकला.

"मी नाही उठत, भाऊजी."

"मंग माह्या घराची पायरी चढू नका. दोघंही."

"घर तुमचं हाये," ती म्हणाली. "हे बाकडं माहं हाये."

आता सगळे इंद्रभानाकडे बघत होते. ज्या भावाने घास भरवला, तो समोर बसलेला. पण इंद्रभानाने कपात चहा ओतला, पाहुण्याला द्यावा तसा दोन्ही हातांनी बायकोपुढे ठेवला आणि सगळ्यांच्या देखत तिला विचारलं, अजून भजी आणू का? भर बाजारात बायकोला वाढणारा नवरा मोताळ्याने पहिल्यांदाच पाहिला असेल. वामनरावांनी घसा खाकरून विचारलं, मग साहेबांना काय सांगू?

"सांगा, मले सवड नाही. गिऱ्हाईक हाये."

झुंबरबाईने टोपली दारातच आदळली आणि येऊन सत्यभामाशेजारी बसली. तिचा चुलतसासरा कोपऱ्यात चहा पीत होता, त्याने चटकन भिंतीकडे तोंड फिरवलं. मग दारातल्या बाकीच्याही आल्या, पोरांना कडेवर घेऊन, एकमेकींना ढकलत.

हिंमतराव ताडकन उठले आणि बाहेर पडले. रागाने त्यांना जोडाही धड घालता येईना. बैल जुंपायला सांगावं म्हणून वळले, तर रुक्मिणीबाई दमणीतून उतरून हॉटेलच्या पायरीशी उभी. कुठे निघालीस, म्हणून त्यांनी दरडावलं.

"तुम्ही बसा दमणीत जराक," ती म्हणाली. "मी चहा पिऊन येईन."

ती आत गेली. हिंमतरावांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि दमणीत चढून उन्हात बायकोची वाट बघत बसले.