धर्मराजची सहा अंडी

पहिलंच सांगून टाकते, मला ती पाखरं कधीच आवडली नाय. बदकं एक वेळ ठीक. बदक गरीब असतं, डबक्यात चोच घालून आपलं आपण बसतं. पण हंस? आमच्या ह्यांनी पनवेलच्या बाजारातून ती पांढरी जोडी आणली तेव्हापासून माझ्या अंगणाचं वाटोळं झालं. मान लांब करायची, फिसफिसत अंगावर यायचं, पोटरीला चावायचं. पाहुणा दारात आला की आधी त्यांची परवानगी. मी म्हणायची, "तुमी त्यांनाच ठेवा, मला माझ्या आईकडं पाठवा." हे नुसते हसायचे.

हे म्हणजे माझा नवरा, धर्मराज. भांडणात आवाज चढवायचा असतो, हे त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं. मी बोल बोल बोलायची आणि शेवटी ते म्हणायचे, "बरं, तुझं खरं." झालं, मी जिंकले. बत्तीस वर्षं मी अशीच जिंकत आले.

आमचं घर कामोठ्याच्या जुन्या गावात. चारी बाजूंना सेक्टरचे टॉवर, मध्ये आमची कौलं. दारासमोरून मोठा रस्ता झाल्यापासून गाड्यांना काय ताळतंत्र नाय. माघात पाण्याच्या टँकरखाली हंसाची मादी आली. नर उरला, आणि पेंढ्यात तिनं घातलेली सहा अंडी उरली. दुसरा कुणी असता तर पोळी करून खाल्ली असती. ह्यांनी मावऱ्याच्या, म्हणजे मासळीच्या बाजारातून थर्माकोलचा खोका आणला. धुवून धुवून वास काढला, आत बल्ब लावला, पाण्याची वाटी ठेवली, ताप बघायचं थर्मामीटर ठेवलं. प्रत्येक अंड्यावर पेन्सिलीनं एका अंगाला फुली, दुसऱ्या अंगाला गोळा. सकाळी, दुपारी, संध्याकाळी अंडी फिरवायची. फुली वर असेल तर गोळा वर करायचा. नाय फिरवलं तर पिल्लू आतल्या आत कवचाला चिकटतं. असे तीस दिवस.

"पोरीच्या बाळंतपणात इतकं केलं नव्हतं तुमी," मी म्हटलं.

"बरं, तुझं खरं," ते म्हणाले आणि अंडी फिरवायला गेले.

नवव्या दिवशी भर दुपारी ते असेच आत गेले आणि बाहेर आलेच नाय. मी जेवायला हाका मारल्या, मंग शिव्या घातल्या, मंग उठून गेले. खोक्याशेजारी भिंतीला टेकून बसले होते. झाकण उघडं. तीन अंड्यांवर गोळा वर, तीनांवर अजून फुलीच. निम्मं काम टाकून हा माणूस कधी उठला नव्हता. तिथंच मला कळलं.

पुढचे दहा दिवस घर माणसांनी भरलेलं. जासईहून माझी लेक रोहिणी आणि जावई केतन आले, दीर चांगो आला, भाऊबंद आले. सकाळ-संध्याकाळ मी अंडी फिरवायची. का, ते मला विचारू नका. दुपारी मात्र माणसांच्या गराड्यातून उठता यायचं नाय. पण संध्याकाळी बघावं तर अंडी फिरलेली. मला वाटलं, रोहिणी करते. रोहिणीला वाटलं, मी करते.

दहाव्याला नदीवर पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. समोरच्या झाडावर सात-आठ बसलेले, पण एक खाली उतरायला तयार नाय. चांगो हात जोडून म्हणाला, "दादा, वयनीला मी सांभालीन." नाय. केतन म्हणाला, "मामा, रोहिणीला काय कमी पडू देणार नाय." नाय. कुणी म्हणालं घराचं बघू, कुणी म्हणालं देवीला जाऊन येऊ. ऊन डोक्यावर आलं, भटजी घड्याळ बघायला लागला. माझं टाळकंच फिरलं. बायकांतून उठले आणि ओरडले, "अहो, तुमच्या अंड्यांची पिल्लं मी काढून देईन! शप्पत! आता तरी या, सगळी उपाशी हायत!"

कावळा आला. भाताला चोच लावली आणि उडाला. बायका रडायला लागल्या. मला रडू आलं नाय.

अकराव्यालाच सगळं उरकून माणसं पांगली. महिन्याला येते म्हणून रोहिणीही गेली. घरात मी, दारात तो नर. पहिल्याच दुपारी ओटीवर आडवी झाले होते. कारखान्याचा बाराचा भोंगा वाजला, आणि आतल्या खोलीत थर्माकोलचं झाकण कचकचलं. तो आवाज माहीत हाय ना? दात शिवशिवतात. मी उठून बसले. नर दारातून आत आला होता. मान खाली घालून आतल्या खोलीकडं बघत घशातल्या घशात गुरगुरत होता. तशी गुरगुर तो फक्त ह्यांच्यासाठी करायचा. माझ्यासाठी कायम फिसफिस.

अर्ध्या तासानं आत गेले. झाकण लावलेलं होतं. उघडलं. सकाळी मी फुली वर ठेवली होती. साही अंड्यांवर गोळा.

रोहिणीला फोन केला तर म्हणते, "आई, तूच फिरवतेस आणि विसरतेस. थोडे दिवस इकडे ये." दुसऱ्या दिवशी बाराच्या आधी मी उंबऱ्यात जाऊन बसले. दोन्ही हात पदरात बांधून घेतले, स्वतःवरच पहारा. भोंगा झाला, झाकण कचकचलं. बघितलं तर अंडी फिरलेली.

शेजारच्या सखूबाईला सांगितलं. म्हातारीनं मिश्री थुंकली आणि म्हणाली, "अगो भागी, शब्द दिलास ना त्याला? मंग पिल्लं निघंपर्यंत र्‍हाईल. निघाली का जाईल. घाबरू नको."

घाबरू नको! मी घाबरले नव्हते, असं नाय. पण घाबरणं दोन-तीन दिवसांचंच. चौथ्या दिवशी मी साडेअकराला तोंड धुतलं, केस विंचरले आणि दोन कप चहा ठेवला. स्वतःलाच म्हटलं, काय गं बये, वेड लागलं का? पण चहा ठेवलाच. झाकण कचकचलं तशी मी ओटीवरूनच सुरू झाले. चांगोनं कुंपण हातभर आत घेतलंय, बोला त्याला. तुमचा हा पांढरा राक्षस माझ्या तुळशीत घाण करतो. वरच्या कौलातून ऊन येतं, कधीपासून सांगतेय. माझा गुडघा दुखतो. आत सगळं शांत. पण ते ऐकत होते. कुणी ऐकत असलं की कळतं. बत्तीस वर्षांत माझं इतकं कुणी ऐकून घेतलं नव्हतं. जिवंत असताना हा माणूस निम्म्यातून त्या हंसांकडं निघून जायचा.

रोज दुपारी असंच. सकाळ कशी जायची आणि संध्याकाळ कशी जायची ते मला माहीत नाय, पण दुपार माझी होती.

पंचविसाव्या दिवशी ह्यांच्यासारखंच मोबाईलची बॅटरी लावून एकेक अंडं उजेडावर धरलं. एक कोरं निघालं, त्यात काय धरलंच नव्हतं. बाकी पाचांत काळं भरलं होतं, आणि त्या काळ्यात काहीतरी हललं. मला आनंद व्हायला हवा होता. मी बोटांवर दिवस मोजले. पाच दिवस उरले होते.

आता खरं बोलते. मला ते जायला नको होते. शब्द दिला होता, चारचौघांत दिला होता, मृताला दिलेला शब्द. पण तो शब्द पुरा झाला की माझी दुपार गेली. आणि पुरा नाय झाला तर? अंडी आतच मेली तर? मंग कुठं जातील? इथंच राहतील. असा विचार एखाद्या बाईच्या मनात यावा का? माझ्या आला. मी दडवत नाय.

एकोणतिसाव्या दिवशी सकाळी खोक्यातून चिवचिव आली. कवच अजून फुटलं नव्हतं, आतूनच बोलत होती. शेवटचे दिवस अंडी फिरवायची नसतात, नुसती ऊब द्यायची. मी दहा वाजता जाऊन बल्बचं बटण बंद केलं. पाण्याची वाटी काढून घेतली. मंग मोरीत जाऊन सगळी तांब्या-पितळेची भांडी काढली आणि घासत बसले, नळ सोडून, मोठ्यानं आपटत. कानावर चिवचिव येऊ नये म्हणून.

बारा वाजले. भोंगा ऐकला तेवढा. आत गेले तर बल्ब लागलेला.

मी बंद केला. मोरीपर्यंत जाऊन परत आले तर लागलेला. केतन पुढं म्हणाला, बटण ढिलं हाय. असेल ढिलं. मी परत बंद केला आणि या खेपेला तिथून हललेच नाय. बटणावर अंगठा दाबून उभी राहिले आणि तोंड सोडलं.

"एवढी घाई झालीय? बत्तीस वर्षं राबले ती कमी पडली का? मरताना सांगून गेला नाय, एक शब्द बोलला नाय. अंडी फिरवत मेलात! आणि आता मी ठेवून घेतेय तर नको झालंय? कुठं जायचंय तुमाला? कोण बसलंय तिकडं?"

अंगठ्याखाली बटण हललं. खोटं सांगत नाय. खालच्या अंगानं कुणीतरी हळूच दाबत होतं. जोर लावून नाय, म्हातारं माणूस दार ढकलतं तसं. मी सगळा भार अंगठ्यावर टाकला. "नाय म्हणजे नाय," मी म्हणाले. "नाय जाऊ देणार."

ते थोडा वेळ दाबत राहिले. मंग दाब गेला.

सोडून दिलं त्यांनी. नेहमीसारखं. शब्द ऐकू आले नाय, पण यायची गरज नव्हती. नर दारात गुरगुरत होता, तोही गप्प झाला. मी जिंकले होते. आता ते कुठं जाणार नव्हते. या खोलीत, या खोक्याशेजारी, भिंतीला टेकून, मी मरेपर्यंत ते बसणार होते, मी म्हटलं म्हणून. आणि खोक्यातली चिवचिव बारीक बारीक होत चालली होती.

मी किती वेळ उभी होते माहीत नाय. अंगठा पांढराफटक पडला होता. एकदम मला स्वतःची इतकी लाज वाटली, इतकी लाज, की भिंतीत शिरावंसं वाटलं. जन्मभर या माणसानं माझ्यापुढं हार घेतली आणि मेल्यावरही मी त्याला सोडत नव्हते. सहा अंड्यांखेरीज काय मागितलं होतं त्यानं माझ्याकडं?

मी बटण दाबलं. बल्ब लागला. वाटीत कोमट पाणी आणून ठेवलं. तेवढ्यानं भागेना असं वाटलं म्हणून पाचही अंडी पदरात घेतली, पोटाशी धरली, बल्बच्या उजेडात वाकून बसले आणि रडले. दहाव्याला जे आलं नव्हतं ते सगळं तेव्हा आलं. रडताना शिव्याच देत होते. मला दुसरं येतंच काय? "जा मेल्यांनो, निघा बाहेर. निघा आणि मोकळं करा त्यांना. जावा तुमी. जावा. माझं मी बघीन."

संध्याकाळपर्यंत अंडी पुन्हा गरम झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्याला भोक पडलं. ओढून काढायचं नसतं, रक्त येतं, पिल्लू दगावतं. म्हणून नुसती बघत बसले. दुपारपर्यंत चार निघाली, ओली, पिवळी, मान सावरता येत नव्हती. पाचवं आतच मेलं. मी बल्ब बंद ठेवला म्हणून ते मेलं, हे मला माहीत हाय, आणि ते मी कुणाला सांगितलेलं नाय. आज सांगते.

बाराचा भोंगा वाजला. झाकण माझ्या हातात होतं. काही हललं नाय. नर दारात आला, आतल्या खोलीत बघितलं, चारी कोपऱ्यांत मान फिरवली. गुरगुरला नाय. मला फिसफिस करून अंगणात निघून गेला. मी केलेला चहा निवून गेला. दोन्ही कप मीच प्याले.

आता पिल्लं महिन्याची झालीत. पण त्यांची एक खोड हाय. गोड बोलून बोलवा, चुचकारा, दाणे दाखवा, ढुंकून बघत नायत. रोहिणीनं करून बघितलं, केतननं करून बघितलं. मी कमरेवर हात ठेवून मोठ्यानं शिव्या द्यायला लागले की मात्र चौघंही पंख पसरून धावत येतात. अंड्यात असताना दुपारी जे ऐकलं, तेच त्यांना कळतं. म्हणून मला दिवसभर ओटीवर उभं राहून बोलावं लागतं. चांगो, कुंपण, कौलं, गुडघा, सगळं.

रस्त्यानं जाणारी माणसं थांबतात. नवीन सेक्टरातल्या बायकांना वाटतं, या घरात म्हातारा असेल, बिचाऱ्याला किती बोलते ही. परवा एकीनं दारातूनच विचारलं, "मावशी, कुणाशी एवढं भांडताय?"

मी म्हटलं, कुणाशी नाय गं बाई. घरात कुणी नाय.