थांब म्हटलं की थांबते

भुंगी पळायची. हात सुटला रे सुटला की फाटकाबाहेर, थेट रस्त्यावर! गाड्या बघायच्या नाहीत की माणसं. बोलत नसे, पण दिवसभर गुणगुणत असे, म्हणून पोरांनी तिचं नाव भुंगी पाडलेलं. वर्गशिक्षिका बाईंच्या नाकी नऊ आले तेव्हा शाळेने खास भुंगीसाठी वर्गात एक मदतनीस ठेवली. तिला सगळे नुसतं ताई म्हणत.

ताईने वर्षभर एकाच गोष्टीचा ध्यास घेतला. तिच्या गळ्यात दोन कार्डं असायची. लाल कार्डावर उघडा पंजा काढलेला, म्हणजे थांब. हिरव्यावर चालणारे पाय, म्हणजे चल. लाल दाखवलं की आहे तिथे उभं राहायचं आणि ताईने स्वतः हिरवं दाखवेपर्यंत हलायचं नाही. कुणी हाक मारो, कुणी ओढो, नाही म्हणजे नाही. ऐकायला सोपं वाटतं. करून बघा म्हणावं! किती चावे आणि किती ओरखडे सोसले ते ताईच्या हातांना विचारा. पण जमलं एकदाचं. मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, शाळेत कुणी पाहुणे आले की मुद्दाम वर्गात आणून ते दाखवायच्या. ताईची मान ताठ व्हायची. का होऊ नये?

त्या दुपारी वरच्या मजल्यावर हात धुवायच्या खोलीत भुंगीने नळाखाली अख्खा फ्रॉक भिजवून घेतला. कोरडे कपडे खाली वर्गात होते. पूर्वी ताईने तिला रडत-ओरडत सोबत नेलं असतं, पण आता त्याची गरज उरली नव्हती. ताईने लाल कार्ड दाखवलं, भुंगी बेसिनशेजारी खांबासारखी उभी राहिली आणि ताई निवांत खाली उतरली.

ती पिशवीतून फ्रॉक काढत होती आणि घंटा वाजली. नेहमीची नव्हे, थांबायचं नावच घेत नव्हती. जिन्याखालच्या अडगळीच्या खोलीत जुन्या गाद्या होत्या, त्या पेटल्या होत्या. "मुलांना बाहेर काढा!" कुणीतरी ओरडलं. ताई जिन्याकडे धावली, तर वरच्या वर्गांची पोरं लोंढ्यासारखी खाली येत होती. तिला एक पायरी चढता येईना. दोन चिमुरड्यांनी तिचा कुर्ता गच्च धरला, त्यांना काय झटकून टाकणार? "वर कुणी राहिलं नाही," वरच्या वर्गाच्या बाई खोकत म्हणाल्या, "मी सगळे वर्ग बघितले." त्या लोंढ्याबरोबर ताईही मैदानात आली.

वर्ग बघितले. हात धुवायची खोली हा काही वर्ग नाही! हे डोक्यात शिरलं तशी ताई जागीच वळली. तिने रांगेवरून नजर फिरवली, परत फिरवली. भुंगी नव्हती.

"येईल हो कुणाबरोबर तरी," भुंगीच्या वर्गाच्या बाई म्हणाल्या. "एवढी घंटा वाजतेय, कुणीही पळेल."

"ती नाही पळणार," ताई म्हणाली. "मी तिला थांबवून आलेय."

बाईंना अर्थ कळायला क्षणभर लागला. मग त्यांच्या तोंडचं पाणीच पळालं.

ताई मागच्या जिन्याकडे सुटली. तिथे वॉचमनकाका आडवे हात करून उभे होते. "ताई, डोकं फिरलंय का? मी आत्ताच वर जाऊन हाका मारून आलो. ओ देणारं कुणी नाही."

"ती ओ देणार नाही, काका! दारात उभे राहून हाका मारल्यात तरी नाही. मीच तिला तसं शिकवलंय!"

काकांनी कपाळावर हात मारला, एक सणसणीत शिवी हासडली आणि तिच्या मागोमाग जिना चढू लागले.

वरचा व्हरांडा धुराने भरला होता. ताईने ओला फ्रॉक तोंडावर धरला असता, पण तो भुंगीच्या अंगावर होता. हातात होता तो कोरडा. तोच नाकाला लावून ती भिंत चाचपत निघाली. पोहोचलो आणि ती खाली पडलेली असली तर? हा विचार तिने किती रेटला तरी मागे हटेना. गुणगुणणं ऐकू येतं का म्हणून तिने श्वास रोखला. काही नाही. नुसती ती घंटा.

भुंगी उभी होती. बेसिनशेजारी, त्याच फरशीवर. डोळे घट्ट मिटलेले, गालांवरून पाणी ओघळत होतं, छाती भात्यासारखी वरखाली होत होती. दार उघडं होतं. दोन पावलांवर उघडं दार होतं आणि पोर जागची हलली नव्हती.

"चल, चल गं बाई!" ताईने तिला ओढलं. भुंगीने दोन्ही हातांनी नळ आवळला. काका पुढे झाले, तर ती किंचाळली आणि आणखी घट्ट चिकटली. हिरवं दिसल्याशिवाय कशी येईल? आणि मिटल्या डोळ्यांना हिरवं कसं दिसेल? ताईला वाटलं, आपण तिघं इथेच मरणार, आणि कुणामुळे, तर आपल्यामुळे. तिने शेजारचा नळ उघडला, ओंजळीने भुंगीचे डोळे धुतले, पुन्हा धुतले, आणि कार्ड अगदी नाकाशी नेऊन धरलं. "बघ ना गं, बघ ना!"

एक डोळा किलकिला झाला. भुंगीची बोटं नळावरून सुटली. काकांनी तिला तशीच खांद्यावर टाकली आणि सगळे खाली आले.

मैदानात डॉक्टरांनी भुंगीला तपासलं, ऑक्सिजन दिला, धोका नाही म्हणाले. तोवर तिची आई धापा टाकत आली. तिने लेकीला पोटाशी धरलं, आणि मग ताईचे दोन्ही हात धरून रडू लागली.

"तुमचे उपकार कसे फेडू? गडबडीत रस्त्यावर पळाली असती तर गाडीखालीच गेली असती. तुम्ही लावलेल्या शिस्तीने वाचली हो." तिने डोळे पुसले. "मला पण ते लाल कार्ड करून द्या ना. दुकानात जाताना हिला घरात उभी करून जाता येईल. सारखी कुणाच्या तरी गळ्यात घालावी लागते."

मोठ्या बाई कौतुकाने मान डोलावत होत्या. ताईने मात्र गळ्यातलं लाल कार्ड मुठीत झाकलं. हो म्हटलं असतं तर तिथल्या तिथे सगळं मिटलं असतं.

"नाही," ती म्हणाली. "शिस्तीने वाचली नाही. शिस्तीने मरत होती. दार उघडं होतं, वहिनी. धूर नाकातोंडात जात होता तरी हलली नाही, कारण मी थांब म्हटलं होतं. कधी थांबायचं नाही, ते मी शिकवलंच नाही."

आईने ताईचे हात सोडले. एक पाऊल मागे सरून लेकीला कवेत घेतलं. ताईला वाटलं, आता शिव्या देईल, दिल्या तर बरंच होईल.

"मग आता तिला पळायला शिकवणार?" आईने हलकेच विचारलं.

"शिकवावंच लागेल. तुम्ही माझ्याकडे ठेवलीत तर."

"आणि शिकली, आणि पुन्हा रस्त्यावर पळाली तर?"

"मलाही त्याचीच भीती वाटते," ताई म्हणाली.