शिष्टाईची कॉफी

घरातलं घरात ठेवावं, हे आपल्याला बाळगुटीबरोबरच पाजलेलं असतं. झाकली मूठ सव्वालाखाची! पण त्या मुठीत कुणाचा जीव घुसमटत असेल तर? जर्मनीतल्या एसेन शहरात, आम्हा सीरियनांच्या वस्तीत हाच प्रश्न रुवैदाच्या घरी येऊन ठेपला.

रुवैदाचा नवरा यामेन सीरियातल्या होम्सच्या तुरुंगात मारला गेला. तीही तिथेच कैदेत होती, डोळ्यांवर पट्टी बांधलेली. मारायला नेण्याआधी कैद्यांची नावं पुकारणारा एक आवाज तेवढा तिच्या कानात राहिला. पुढे जर्मनीत तिच्या धाकट्या भावाचा, नवारचा, साखरपुडा ठरला. वधूच्या बापानं, हैसमनं, मोठ्यानं फातिहा, कुराणातली पहिली प्रार्थना, म्हटली आणि रुवैदाच्या हातातलं तबक खाली पडलं. तोच आवाज! ती पोलिसांकडे गेली. हैसमला अटक झाली. "त्या तुरुंगात मी कधी पाऊलही ठेवलं नाही," असं त्यानं सांगितलं. खटला तोंडावर आला होता, आणि रुवैदाजवळ पुरावा म्हणून होता फक्त एक आवाज.

अशात नवार म्हणाला, "ताई, चार मोठी माणसं तुला भेटायला येतायत. कॉफी टाक."

तिला बरं वाटलं. धीर द्यायला येत असतील! तिनं वेलदोडा जरा सढळ हातानंच घातला.

माणसं आली. पुढे अबू खल्दून काका, जुने शाळामास्तर. वस्तीतले तंटे तेच मिटवत. तिनं कॉफी पुढे ठेवली. काकांनी कप उचलला नाही. कुणीच उचलला नाही. आमच्यात मागणी मान्य होईपर्यंत शिष्टाईला आलेली माणसं कॉफीला हात लावत नाहीत. ही शिष्टाई होती, आणि ती तिच्या पाठच्या भावानं आणली होती!

"पोरी," काका म्हणाले, "साक्ष मागे घे. आपलं आपण मिटवू. आपल्या देशात घडलेल्याचा न्याय या जर्मनांनी का करावा? त्यांचं काय गेलं?"

"मग कुणाच्या दारात जाऊ, काका? तुरुंग ज्यांचा, न्यायाधीशही त्यांच्याच पंगतीतले! आणि नवरा माझा गेला, पण त्या कोठडीत दुसऱ्यांचीही लेकरं होती. त्यांच्या वतीनं माफ करणारी मी कोण? असला गुन्हा एका घराचा राहत नाही, काका. तो सगळ्या माणसांचा होतो. म्हणून तर परक्या देशाचा कायदाही त्याचा जाब विचारू शकतो."

"घ्या! आता मास्तरांनाच धडे!" मागून कुणीतरी टोमणा मारला.

"कायदा राहू द्या, रीतच विचारते," रुवैदा म्हणाली. "शिष्टाई कुणासाठी काढतात? ज्यानं गुन्हा कबूल केला त्याच्यासाठी. हैसम तर म्हणतो, मी तिथे नव्हतोच. मग तुम्ही माफी कशाची मागताय?"

काका चपापले. नवारनं त्यांना सांगितलं होतं की बाईचा गैरसमज झालाय. ते नवारकडे वळले. "माझी पांढरी दाढी पुढे करून इथे आणलंस ना? खरं बोल. होता तो तिथे?"

नवार गालिच्याकडे बघत बोलला.

"अटकेआधी ते मला म्हणाले होते... नावं पुकारायचा हुकूम वरून होता. मारणारे दुसरे होते."

"तुला ठाऊक होतं?" रुवैदा म्हणाली. "यामेननं तुला खांद्यावर बसवून शाळेत नेलं रे! आणि तू माझ्या हातचं जेवत होतास, मी खरं बोलतेय हे माहीत असून!"

"लग्न मोडलं असतं, ताई."

शत्रूचा मार तिनं सोसला होता. हे मात्र सोसवेना.

तेवढ्यात काकांनी समोरचा कप उचलला आणि गार झालेली कॉफी एका घोटात पिऊन टाकली. बाकीचे हबकलेच! मागणी मान्य न होता कॉफी पिणं म्हणजे मागणीच सोडून देणं.

"पोरी, चुकलो मी," काका म्हणाले. "मला फसवून आणलं खरं, पण मीही न विचारता आलो. आता कानांनी ऐकलं ते न्यायालयात सांगेन. आणि तू रे?"

"येतो," नवार रडत म्हणाला.

न्यायालयात हैसम पुन्हा म्हणाला, "मी तिथे नव्हतोच." मग काकांनी साक्ष दिली. त्यांच्यानंतर नवार उभा राहिला आणि ऐकलेलं सगळं त्यानं सांगितलं. हैसमनं मान खाली घातली ती वर केली नाही.

बाहेर नवारनं हाक मारली, "ताई..."

"खरं बोललास, देव तुझं भलं करो," रुवैदा म्हणाली. "पण घरी इतक्यात येऊ नकोस. मला अजून जमणार नाही."

बंधुभगिनींनो, खटल्याचा निकाल लागायचा आहे. पण एवढं ध्यानात धरा: न्यायाला देशाची वेस अडवत नाही. त्याला अडवतो तो साक्षीदार, जो सगळं ठाऊक असून आपल्याच घरात, आपल्याच ताटाशेजारी गप्प जेवत असतो.