माझ्या गळ्यातला लाल पट्टा

मी एक थोराड इग्वाना आहे. पूर्वी हिरवागार होतो, आता राखाडी पडलोय. मित्रांनो, घाबरू नका. जात सरड्याची आणि खाणं पाल्याचं, पण अंगानं दांडगा, म्हणून लोक मला मगर म्हणतात, घोरपड म्हणतात. एका आजोबांनी तर चक्क डायनासोर ठरवलं! माझं खरं नाव बटण.

हे नाव शिंपी मास्तरांच्या मुलीनं ठेवलं. तिनं मला प्राण्यांच्या दुकानातून आणलं, तेव्हा मी तिच्या तळहातावर मावत होतो. माझं रान कुठलं, आई कोण, मला ठाऊक नाही. अंड्यातून निघालो तो पिंजऱ्यातच.

"केवढा होतो हो हा?" मास्तरांनी दुकानदाराला विचारलं होतं.

"छोट्या पेटीत ठेवा, छोटाच राहील," त्यानं ठोकून दिलं.

आता बोला! जो माणूस रोज लोकांच्या पोरांना वाढत्या अंगाचे कपडे शिवून देतो, त्यानं हे खरं मानलं.

पुढं दुकान आणि मागं घर, असा मास्तरांचा संसार. माझी पेटी इस्त्रीच्या टेबलाशेजारी होती. इस्त्री तापली की मला ऊब यायची आणि मी डोळे मिटून पडायचो. मास्तरांनी माझ्यासाठी लाल कापडाच्या तुकड्याचा पट्टा शिवला, हातशिलाईनं, बारीक बारीक टाके घालून. आतल्या बाजूला जास्तीचं कापड दुमडून ठेवलं. शिंपी लोक त्याला माया म्हणतात. माझी मान भरली की मास्तर टाके उसवायचे, थोडी माया सोडायचे आणि पुन्हा शिवायचे.

"अरे लेका, गिऱ्हाइकांपेक्षा तुझीच मापं जास्त घेतली मी," असं म्हणून ते मला पाठीवर थोपटायचे.

आमच्या जातीत मान वरखाली हलवून बोलतात. मी सकाळी मास्तरांकडं बघून मान हलवायचो. तेही तोंडात दोरा धरून माझ्यासारखीच मान हलवायचे. मुलगी खो खो हसायची. खरं सांगतो, तेवढ्यानं माझा दिवस साजरा व्हायचा.

पण नव्याचे नऊ दिवस! मी वाढलो. पेटीत मावेना, म्हणून दुकानात मोकळा फिरू लागलो. शेपटी फिरली की दोऱ्याची रिळं घरंगळायची. एकदा एका बाईंच्या रेशमी कापडावर चढलो आणि नखांनी धागे ओढले गेले. त्या बाई पुन्हा आल्या नाहीत, आणि त्यांच्या बहिणीही आल्या नाहीत.

"हे बघा, एक तर दुकान राहील, नाहीतर हा," मास्तरांची बायको म्हणाली. तिचंही काही चुकलं नव्हतं.

एका दुपारी पिशवीत घालून मला गावाबाहेरच्या तळ्याकाठी नेलं. मुलगी रडत होती. मास्तर पट्टा काढायला वाकले आणि थांबले.

"राहू दे. पट्टा बघून लोकांना कळेल, पाळलेला आहे. कोणी मारणार नाही."

"पण बाबा, अजून वाढला तर?"

"आता काय वाढतोय!"

सरड्याची धाव कुंपणापर्यंत, असं तुम्ही म्हणता ना? मला तर कुंपणापलीकडंच सोडलं होतं, आणि धावायचं कुठं तेच कळत नव्हतं. पहिले काही दिवस मुलगी वडिलांबरोबर कोवळा पाला घेऊन यायची. मग ती यायची थांबली. मी वाट बघायचं थांबवलं नाही.

तिथले सरडे मला बघून पळायचे. पक्षी डोक्यावर कलकलाट करायचे. मी सगळ्यांकडं बघून मान हलवायचो, पण उलट कोणी हलवली नाही. भूक लागली की तळ्याकाठच्या बागेत माळ्यानं लावलेली रोपं खायचो. काठावर बीळ खणलं, तर बांधाची माती ढासळली. माळी काठी घेऊन धावायचा. त्याचं बरोबर होतं. त्या तळ्याला माझी गरज नव्हती. मी ना धड घरचा होतो, ना रानचा.

इस्त्रीची ऊब आठवली की मी बागेतल्या पंपाच्या खोलीच्या तापलेल्या पत्र्यावर जाऊन पडायचो. आणि मी वाढतच होतो. पट्टा वाढत नव्हता. आधी तो काचला, मग मानेत रुतला. पाला गिळताना जीव कासावीस व्हायचा. टाके उसवायला मास्तर नव्हते. नखांनी ओढून बघितलं, पण त्यांची शिलाई पक्की!

शेवटी एकदा मी पत्र्यावर तोंड उघडून निपचित पडलो. माळी काठी घेऊन आला. त्यानं माझ्या गळ्याकडं बघितलं आणि काठी टाकून दिली.

"अरे देवा, हा तर कोणाचातरी आहे!"

त्यानं फोन केला म्हणून मी वाचलो. प्राण्यांच्या निवाऱ्यातल्या डॉक्टरबाईंनी कात्रीनं पट्टा कापला. कितीतरी दिवसांनी मी पोटभर श्वास घेतला. बाई पट्टा उलटा करून बघत राहिल्या.

"एवढा जीव लावून शिवलाय, मग याला सोडलं कशाला?" त्या स्वतःशीच म्हणाल्या. पट्टा त्यांनी माझ्या पिंजऱ्याच्या जाळीच्या दारावर अडकवला. कोणी ओळखलं तर ओळखलं.

आणि एक दिवस, कुठून कळलं कोण जाणे, मास्तर आले! गळ्यात मापाचा टेप नेहमीसारखाच होता. त्यांनी पट्टा हातात घेतला, आतली घडी चाचपली. तिथं सोडायला काही उरलंच नव्हतं. मग त्यांनी माझ्या मानेवरचा वळ बघितला. मी आनंदानं जोरजोरात मान हलवली.

"तुमचा आहे का हा?" बाईंनी विचारलं.

"छे छे! मी आपलं सहज बघायला आलो." मास्तरांनी कानांवर हात ठेवले. पट्टा जागेवर अडकवला आणि खाली मान घालून निघून गेले. रंग बदलायला मात्र नाव आमचं!

मित्रांनो, माझा त्यांच्यावर राग नाही. त्यांनाही वाईट वाटलं असेल. पण एखादं इवलंसं पिल्लू घरी आणण्याआधी ते केवढं होणार, हे जाणत्या माणसाला विचारा. झेपणार नसेल तर आणू नका. आणलंत आणि झेपलं नाही, तर तळ्याकाठी सोडू नका. निवाऱ्यात घेऊन या आणि मान वर करून सांगा, "हा आमचा आहे."

तेवढं ऐकायला मी अजून थांबलोय. दार वाजलं की मान हलवून बघतो.